तुटलेलं ॲल्युमिनियम कास्टिंग आर्गनवर कसं जोडायचं: नव्या हातांसाठी

आपल्या खान्देशात कास्टिंग तुटायला निमित्त कमी नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत बाईक घालतात आणि पाटाच्या दगडावर इंजिनचं कव्हर फुटतं, धुळे-शिरपूर रोडला रात्री खड्डा दिसला नाही की चारचाकीचा ऑइल चेंबर गेला, फवारणी पंपाच्या इंजिनाचा कान (बोल्ट बसायची बाहेर आलेली जागा) तुटतो, आणि बाईकची चेन तुटली की जाता जाता स्प्रॉकेटजवळच्या केसचा लचका घेऊनच जाते. मग माणूस पिशवीत तुकडे घेऊन दुकानात येतो, "भाऊ, हाई जुडी जाई का? आजच दी दे."

जुडतं, बहुतेक वेळा जुडतं. पण त्याला ते परत इंजिनवर बसवायचंय, म्हणजे कव्हर सपाट बसलं पाहिजे, बोल्टची भोकं जागेवर आली पाहिजेत आणि तेल गळायला नको. हे सगळं साधायचं तर टॉर्च पेटायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं, म्हणून खाली वेल्डिंगबद्दल कमी आणि बाकीच्या गोष्टींबद्दल जास्त लिहिलंय. लोखंडाचं किंवा एसएस रेलिंगचं वेल्डिंग येतं पण ॲल्युमिनियम कास्टिंगला अजून हात लावलेला नाही, अशा माणसाला धरून लिहितोय.

आधी बघा हातात आलंय काय

पांढरं दिसलं म्हणजे ॲल्युमिनियमच असं नसतं. जस्ताचं कास्टिंग हुबेहूब तसंच दिसतं, दरवाज्याचे हँडल, गॅसचे रेग्युलेटर, बरेच जुने कार्बोरेटर हे जस्ताचे. हातात घेतलं की कळतं, ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास अडीच पट जड. हे चारशे डिग्रीच्या आतच वितळतं, त्यावर आर्क मारली की पांढरा धूर आणि खाली डबकं, त्यामुळे ते बाजूला ठेवा.

दुसरं मॅग्नेशियम. काही झाडं कापायच्या मशीनचे आणि काही महागड्या बाईकचे कव्हर मॅग्नेशियमचे असतात आणि हे ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं. कानशीनं एका कोपऱ्यात घासून चकचकीत करा आणि त्यावर घरातलं व्हिनेगर एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच फसफसतं, ॲल्युमिनियम गप्प बसतं. ही टेस्ट मिनिटभराची आहे आणि टाळू नका, कारण मॅग्नेशियमचा किस पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी मारलं तर ती भडकते, कोरडी वाळू टाकावी लागते. नवीन माणसानं मॅग्नेशियमच्या नादी लागूच नये.

ॲल्युमिनियमच आहे हे नक्की झालं की ते कसं ओतलंय ते बघा. गुळगुळीत, पातळ, आतल्या बाजूला गोल गोल पिनांचे ठसे, असं असेल तर ते डायकास्ट. बाईकची कव्हरं जवळपास सगळी तशीच, एडीसी १२ किंवा एलएम २४ सारख्या मिश्रणाची. डायमध्ये धातू जोरात दाबून भरतात त्यामुळे आत हवा अडकलेली असते, आर्क लागली की ती बुडबुडे होऊन वर येते आणि वेल्डमध्ये जाळी पडते. खरबरीत, जाड, वाळूत ओतलेलं असेल, म्हणजे पंपाची बॉडी किंवा गिअरबॉक्सची हाउसिंग, ते बरंच सरळ काम. सुरुवात अशा जाड मालावर करा. भंगारवाल्याकडून दोन-चार जुनी फुटकी कव्हरं आणि एखादी हाउसिंग किलोवर आणायची, त्यावर हात बसला की मगच गिऱ्हाइकाचं घ्यायचं.

काही कामं दारातूनच परत पाठवा

अलॉय व्हीलचा स्पोक, ब्रेकचा कॅलिपर, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे पार्ट हे घ्यायचे नाहीत, गिऱ्हाईक कितीही ओळखीचा असू द्या. अलॉय व्हील ओतल्यावर भट्टीत तापवून पाण्यात विझवून परत तापवून कडक केलेलं असतं, आपण आर्क मारली की वेल्डच्या शेजारचा पट्टा नरम पडतो आणि तो कडकपणा आपल्याला दुकानात परत आणता येत नाही. वरून फिनिशिंग कितीही झकास केलं तरी नाही. प्रेशर कुकर पण नाही. जर्मलचं पातेलं, डबा, घमेलं यांना टाका मारून द्या, पण वाफेच्या दाबाखालचं भांडं कोणाच्या तरी घरच्या गॅसवर ठेवायचंय हे लक्षात असू द्या.

आणि एक फोन स्पेअर पार्टच्या दुकानात करायचा. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या बाईकचं कव्हर नवं मिळत असेल आणि आपली मजुरी त्याच्याजवळ जात असेल तर तसं सांगून टाका. मजा येते ती जुन्या मॉडेलच्या, बाहेरच्या मशीनच्या, पॉवर टिलरच्या कामात, जिथं पार्ट यायला आठवडे लागतात आणि तिकडं शेतात काम अडलेलं असतं.

मशीन, गॅस, तार

एसएस रेलिंगवाल्यांकडे असते ती डीसी टिग (म्हणजे आर्गन वेल्डिंगची) मशीन इथं चालत नाही. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं पण त्याच्यावर जी ऑक्साइडची साय असते ती वितळायला दोन हजारच्या वर तापमान लागतं. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वरची साय तशीच, दोन बाजू एकमेकांशेजारी गोळ्या होऊन बसतात पण मिसळत नाहीत. एसी करंटमध्ये अर्ध्या फेरीत ती साय फुटते आणि अर्ध्या फेरीत उष्णता आत जाते, म्हणून एसी-डीसी मशीनच पाहिजे. बॅलन्सचं बटण असेल तर साफसफाईची बाजू ३० टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरू करा, कास्टिंग मळकं असेल तर थोडी वाढवा. काही मशीनवर निगेटिव्हचे टक्के दाखवतात, काहींवर क्लीनिंगचे, ते एकमेकांच्या उलटे असतात म्हणून मॅन्युअल एकदा वाचाच. फ्रिक्वेन्सी ८० ते १२० हर्ट्झ, आर्क जागेवर राहते.

गॅस शुद्ध आर्गन. सीओटू वेल्डिंगसाठी आणलेलं मिक्स सिलिंडर लावून बघायचा मोह होईल, नका करू, टंगस्टन (टॉर्चमधली सुई, जिच्या टोकातून आर्क निघते) क्षणात काळं होतं. फ्लो मिनिटाला ८ ते १२ लिटर. जास्त सोडला तर जास्त चांगलं असं नाही, वारा तयार होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते.

टंगस्टन २.४ एमएमचं, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं. लाल टोकाचं असतं त्यात थोरियम आहे, ते किरणोत्सारी, ग्राइंडरवर घासताना त्याची धूळ छातीत जाते, आणि तसंही एसीवर ते नीट चालत नाही.

तारेत सगळ्यात जास्त घोळ होतो. दुकानात नुसतं "ॲल्युमिनियमची आर्गन तार" मागितली तर ४०४३ देतील किंवा ५३५६ देतील, दिसायला दोन्ही सारख्याच. आपल्याला ४०४३ पाहिजे, त्यात ५ टक्के सिलिकॉन असतं. पातळ डायकास्ट असेल आणि तेल गळायला नको असेल तर ४०४७, त्यात १२ टक्के सिलिकॉन, ती कमी तापमानाला वितळते आणि पाण्यासारखी पसरते. ५३५६ मध्ये मॅग्नेशियम असतं, ते कास्टिंगमधल्या सिलिकॉनशी मिळून जोड ठिसूळ करतं, आणि सतत ६५ डिग्रीच्या वर तापणाऱ्या पार्टला ती तशीही चालत नाही, इंजिन तर याच्या वरच तापतं. तारेच्या टोकाजवळ नंबर ठोकलेला असतो तो वाचून घ्या. सर्व्हिस वायर सोलून तिची तार वापरणारे पण भेटतील तुम्हाला. ते जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम, त्यात सिलिकॉन नाही, थंड होताना तडकायची भीती जास्त. इंटरनेटवर गॅसच्या बर्नरवर रॉड फिरवली की भोक बुजतं असे व्हिडिओ येतात, त्या बहुतेक जस्त मिसळलेल्या रॉड असतात. ते झाळणं आहे, एखाद्या झाकणाचं भोक बुजवायला ठीक आहे, इंजिनच्या कानाला नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये कूलरशिवाय उभं राहवत नाही. कूलर समोरून लावला की आर्गन उडून जातो, आणि वर त्याची ओली हवा थेट कामावर येते. पाण्यातला हायड्रोजन हा ॲल्युमिनियमचा शत्रू, वितळलेलं ॲल्युमिनियम तो भरपूर पिऊन घेतं आणि घट्ट होताना तेवढा धरून ठेवता येत नाही, मग तो बुडबुडे होऊन आतच अडकतो. घामाचा थेंब रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, पडला तरी तेच. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकायचं, नाहीतर कूलर पाठीमागं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. पावसाळ्यात तार उघडी ठेवू नका, झाकणाच्या पाइपात ठेवा.

सफाई, आणि परत सफाई

इथं घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

पहिलं म्हणजे पार्ट पूर्ण उघडा करा. ऑइल सील, रबर, ओ-रिंग, बुश, गॅस्केटचे तुकडे सगळं काढा, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो मारून ठेवा म्हणजे बसवताना प्रश्न नाही. मग डिझेलनं धुवा, मग साबणाच्या गरम पाण्यानं, मग सुकवा. बहुतेक गिऱ्हाइकांनी येण्याआधी एम-सील किंवा एखादा गोंद लावून बघितलेला असतो. तो जाळून काढायचा नाही, धूर वाईट असतो आणि काजळी चिरेत मुरते. खरवडून, घासून मुळापासून काढायचा.

पेट्रोलचा भपका येत असेल किंवा पोकळ पार्ट असेल तर आधी तो उघडा होऊन हवा खेळतेय ना बघा. टाकी असेल तर हात लावू नका.

आता आतलं तेल. वर्षानुवर्षं इंजिनवर बसलेलं कास्टिंग बाहेरून चकचकीत केलं तरी त्याच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. ते काढायचं तर गॅस बर्नरच्या मऊ ज्योतीवर खालून हळूहळू १५० डिग्रीपर्यंत तापवायचं. भरिताचं वांगं भाजताना जसं पाणी सुटतं तसं हे तेल सोडतं, तुटलेल्या कडेवर आधी ओलसर चमक येते, मग बारीक काळे थेंब जमतात. ते पांढऱ्या कपड्यानं पुसायचे, परत तापवायचं, परत पुसायचे, कपडा कोरडा निघेपर्यंत. थंड झाल्यावर ॲसिटोननं पुसायचं.

इथं एक जीवाशी संबंधित गोष्ट. ब्रेक क्लीनरचा स्प्रे सगळ्या गॅरेजमध्ये असतो आणि तो मारून पटकन साफ होतं, पण काही स्प्रेमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, त्याच्यावर आर्कचा उजेड आणि उष्णता पडली की फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो. थोड्या प्रमाणात पण फुप्फुसं खराब करतो आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. वेल्डिंगच्या कामाला तो स्प्रे नकोच, ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून गेल्यावर, बाटली लांब ठेवल्यावरच आर्क काढा.

शेवटी तारेचा ब्रश. एसएसच्या तारेचा, आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला, हँडलला रंग मारून ठेवा म्हणजे पोऱ्या तोच घेऊन लोखंडावर फिरवणार नाही. क्रम महत्त्वाचा: आधी ॲसिटोन, मग ब्रश. उलटं केलं तर ब्रश तेल घासून आत भरतो.

चीर कुठपर्यंत गेलीय

डोळ्याला दिसते त्यापेक्षा चीर पुढं गेलेली असते. लाल डाय (रंग) आणि पांढऱ्या डेव्हलपरचा स्प्रे सेट मिळतो, लाल मारा, थोडा वेळ थांबा, पुसा, पांढरा मारा, चिरेतून लाल रेघ वर येते. चिरेची दोन्ही टोकं सापडली की प्रत्येक टोकाला ३ एमएमचं भोक पाडा, म्हणजे वेल्डच्या उष्णतेनं ती पुढं पळत नाही. झाल्यावर तो डाय पण धुवून तापवून काढावा लागतो, विसरू नका.

मग चिरेवर व्ही, म्हणजे व्ही आकाराची खाच, काढायची. ग्राइंडरचा दगड नको. ॲल्युमिनियम त्याच्यात भरतं, दगड चोंदतो, तापतो, फुटायची पण भीती आणि त्याचे कण धातूत रुतून राहतात. कार्बाइडचा बर (फिरणारं दातेरी कापायचं टोक) मिळतो, मोठ्या दातांचा, ॲल्युमिनियमसाठीचा, तो डाय ग्राइंडरवर लावा. ६० ते ९० डिग्रीची व्ही, खाली एक-दीड एमएम ठेवून. आरपार चीर असेल आणि मागून हात जात असेल तर दोन्ही बाजूंनी व्ही. तुकडा वेगळा झाला असेल तर तुटलेल्या कडेचा थोडासा भाग तसाच दातेरी ठेवा, तो जागेवर बरोबर बसतो, सगळंच घासून टाकलं तर तुकडा नेमका कुठं होता हे शोधत बसाल.

बांधणी आणि तापवणं

ॲल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा दुप्पट फुगतं आणि थंड होताना तेवढंच आकसतं, म्हणून कव्हर मोकळं ठेवून वेल्ड केलं की ते वाकडं होतं. जुन्या भंगार इंजिनची केस मिळाली तर कव्हर तिलाच बोल्टनं कसून टाका. नसेल तर जाड लोखंडी प्लेटवर त्याच भोकांची मार्किंग करून बोल्ट मारा. बेअरिंगच्या जागेजवळ वेल्ड असेल तर तिथं जुनं बेअरिंग बसवून ठेवा म्हणजे भोक अंडाकृती होत नाही, ते बेअरिंग नंतर फेकायचंय असं समजूनच बसवायचं.

मग प्रीहीट, म्हणजे वेल्डच्या आधी पार्ट तापवणं. बाईकच्या तीन एमएमच्या कव्हरला १०० ते १२० डिग्री पुरे, जाड हाउसिंगला १५० ते २००, त्याच्या पुढं नाही. नव्या माणसाचा घोटाळा इथं होतो, कारण ॲल्युमिनियम लाल होत नाही. लोखंड रंग बदलून सांगतं, हे काहीच सांगत नाही, आहे तसंच दिसतं आणि एकदम खाली बसतं. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवते, ८० दाखवते तेव्हा खरं बरंच जास्त असू शकतं, त्यामुळे वेल्डपासून लांब एक काळा ठिपका करून त्याच्यावर धरा. टेम्परेचरचा खडू मिळाला तर सगळ्यात बरं. काहीच नसेल तर वेल्डपासून लांबच्या कडेला पाण्याचा एक थेंब. नुसता चुर्र झाला तर शंभरच्या वर गेलंय, गोळी होऊन पळायला लागला की बर्नर बंद.

आर्क

काच १० ते १२ नंबरची, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हातमोजे, गळा झाकलेला. ॲल्युमिनियमवरून उजेड परावर्तित होतो त्यामुळे हनुवटीखाली आणि कानाला पण चटका बसतो. गिऱ्हाईक आणि त्याच्यासोबतचं पोरगं बघत उभं राहतं, त्यांना पडद्याच्या पलीकडं पाठवा. रात्री डोळे चुरचुरले की बटाट्याच्या चकत्या ठेवायचा रिवाज आहे आपल्याकडं, थोडा गारवा वाटतो, पण दुखणं राहिलं तर डॉक्टरकडं जा.

करंट तीन एमएमला १०० ते १२० ॲम्पिअर धरून चला, सहा एमएमला २०० च्या आसपास, प्रीहीट असेल तर थोडा कमी. गावात शेतीच्या लाइनवर काम करत असाल तर व्होल्टेज पडलं की आर्क भुरभुरते, त्या वेळी काम सुरूच करू नका.

पहिला हात तारेशिवाय मारायचा, सगळ्यात उपयोगाची सवय ही. चिरेवरून नुसती आर्क फिरवली की आत राहिलेली घाण उकळून वर येते, रसात काळे ठिपके मिरीसारखे तरंगताना दिसतात. थांबा, थंड होऊ द्या, बरनं तो सगळा थर कापून काढा, ब्रश मारा, परत. ठिपके येणं बंद झालं की मगच तार घ्या. काळ्या ठिपक्यांवर तार टाकून पुढं जाणाऱ्याचं काम वरून चांगलं दिसतं आणि पंधरा दिवसांत गळतं. डायकास्टमध्ये कधीकधी कितीही वेळा केलं तरी बुडबुडे येतच राहतात, अशा वेळी जाळीवाला भाग खोलवर कापून ४०४७ नं पातळ थर द्यायचे.

आता खरा वेल्ड. टंगस्टन कामापासून त्याच्या जाडीएवढंच वर, टॉर्च थोडी मागं झुकलेली. पेडल (करंट कमी-जास्त करायचं, पायाजवळचं) दाबलं की दोन-तीन सेकंदात मळकट पृष्ठभाग आरशासारखा चमकून रस सुटला पाहिजे. पाच-सहा सेकंद झाले तरी सुटत नसेल तर करंट कमी आहे, तसंच धरून बसलात तर अख्खं कव्हर तापून बसेल. करंट जास्त, वेळ कमी, रस सुटला की पेडल थोडं सोडायचं. तार रसाच्या पुढच्या कडेला बुडवायची, आर्कमध्ये नाही, आणि तारेचं गरम टोक आर्गनच्या छत्रीतच ठेवायचं, बाहेर काढलं की त्याच्यावर परत साय येते. टंगस्टन रसाला लागलं तर लगेच थांबा, टोक परत घासा आणि तेवढा वेल्ड कापून काढा.

एका दमात पूर्ण चीर भरायची नाही. दोन्ही बाजूंना टॅक (छोटे टाके), मग इंचभर इथं, इंचभर तिथं, उष्णता वाटून द्यायची. शेवट करताना पेडल एकदम सोडलं तर खड्ड्यात चांदणीसारखी चीर पडते, म्हणून शेवटी तारेचा एक थेंब जास्तीचा टाकून करंट हळूहळू खाली आणा आणि गॅस बंद होईपर्यंत टॉर्च तिथून हलवू नका.

तुकडा हरवला असेल तर

शेतात पडलेला तुकडा कोण शोधतो. कान अर्धा गेला असेल तर तो थरावर थर देऊन उभारता येतो, खाली तांब्याची पट्टी धरायची, तांब्याला ॲल्युमिनियम सहज चिकटत नाही आणि उष्णता पण ओढून घेतली जाते. फक्त आर्क थेट तांब्यावर जाऊ देऊ नका. बोल्टचं भोक राखायला मधे कार्बनचा गोल तुकडा ठेवतात, पण मला पूर्ण भरून नंतर ड्रिल करणं सोपं वाटतं. मोठं भगदाड असेल तर दुसऱ्या भंगार कव्हरमधून तसाच तुकडा कापून बसवा, एकसारखा धातू, वेळ वाचतो आणि उष्णता कमी जाते.

नुसते आटे गेले असतील तर वेल्ड करूच नका, हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी) घाला. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी इन्सर्टचे आटे मूळच्यापेक्षा चांगले टिकतात.

थंड करणं आणि तपासणं

पाण्यात टाकायचं नाही, फुंकर नाही, कूलरसमोर नाही. बांधलेलं आहे तसंच कोरड्या राखेत किंवा सिरॅमिक ब्लँकेटखाली ठेवून द्या आणि हाताला सोसेल इतकं झाल्यावर बोल्ट सोडा. गिऱ्हाईक "आजच" म्हणत असलं तरी.

गळती बघायला महागडं काही लागत नाही. वेल्डच्या बाहेरच्या बाजूला खडूची भुकटी पाण्यात कालवून फासा, सुकू द्या, आतून रॉकेल लावा, नसेल तर डिझेल. अर्धा तास ठेवा. बारीकशी जाळी असेल तरी पांढऱ्यावर ओला डाग येतो. डाग आला तर तेवढी जागा कापून, तापवून, पुसून परत भरायची, कारण आता तिथं डिझेल मुरलंय.

मग बसणारी बाजू. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून कव्हर त्याच्यावर आठच्या आकड्यात फिरवा, जिथं घासलं जात नाही तो भाग खोल आहे. थोडंसं असेल तर तिथंच सपाट होतं, जास्त असेल तर मिलिंगवाल्याकडं न्या. नव्यानं भरलेल्या भोकाला सहा एमएमचे आटे पाडायचे तर ५ एमएमचं ड्रिल, आठला ६.८ चं, टॅप फिरवताना रॉकेलचा हात आणि दर अर्ध्या फेऱ्याला उलटा, नाहीतर किस भरून टॅप आतच तुटतो.

देताना गॅस्केट नवीन घालायला सांगा. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळायचे, सहा एमएमच्या बोल्टला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरे, पान्ह्याला पाइप लावून ताकद दाखवली तर आपण भरलेले आटे हातात येतात. पहिल्या दिवशी इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर वेल्डवर कोरडा कपडा फिरवून बघायचा आणि ऑइलची पातळी तपासायची. ओलं दिसलं तर तेल रिकामं करून कव्हर उघडून आणा, वरून काही चोपडू नका, एवढं गिऱ्हाइकाला बजावून पाठवायचं.